वरची वाडी, खालची वाडी

अकरावी-बारावीला भूगोल मी घेतला तो भ्यायला लागू नये म्हणून. तर्कशास्त्राच्या सरांना अख्खं कॉलेज टरकून होतं, मानसशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. उरला भूगोल. त्यात काय भ्यायचं? डोंगर, ओढे, भात, ऊस. मी आजरा तालुक्यातल्या एका वाडीतली पोरगी, गुडघाभर चिखलात उभी राहून रोपं लावलेली. मला कोण भूगोल शिकवणार, असा माझा माज होता. तो माज कुठल्या कुठं गेला, आणि आजवर मी कशाला सगळ्यात जास्त भ्याले असेन तर ती नकाशावरची एक तपकिरी रेघ.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मी शिवाजी पेठेत आत्याकडे राहून शिकत होते. दोन खोल्या, वर पत्रा, शेजारी तालीम. तालमीच्या संघानं फुटबॉलची मॅच जिंकली की पोरं गल्लीत असा दंगा घालायची की पुस्तक मिटून ठेवावं लागायचं. आत्याला माझं शिक्षण पटत होतं, पण विषय पटत नव्हता. "जगाचं नकाशे काढून तुला काय मिळणार हाय गं? आधी भाकरी गोल कर की," असं ती म्हणायची, आणि माझ्या भाकरीकडं बघून शेजारणीला डोळा मारायची.

आमचे भूगोलाचे सर पेठेतलेच. आवाज असा की त्यांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातला इतिहास बंद पडायचा. कुणी उशिरा आलं की दारातच गाठायचे. "या पावणं! चहा सांगू का?" वर्ग हसायचा, आणि ते हसू संपायच्या आत पावण्याला उभं करून प्रश्न पडलेला असायचा. प्रात्यक्षिकाच्या तासाला तर मी सगळ्यात मागं दडायची. कारण त्या तासाला सर आम्हाला 'फिरायला' न्यायचे.

फिरायला म्हणजे नकाशावर. खोलीत एक मोठं टेबल होतं. लोखंडी कपाटातून सर स्थलदर्शक नकाशा काढायचे, टोपोशीट म्हणायचो आम्ही त्याला, आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. मग एकाला पुढं बोलवायचे. बोट एका गावावर ठेवायचं आणि दुसऱ्या गावाला चालत जायचं, बोटानं. वाटेत जे लागेल ते मोठ्यानं बोलायचं. निळं आलं की ओढा, हिरवं आलं की जंगल, लाल ठिपके म्हणजे घरं. आणि तपकिरी रेघ आली की थांबायचं आणि चढ की उतार ते सांगायचं. समोच्चता रेषा, असं पुस्तकात नाव होतं. एका रेघेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. एक रेघ ओलांडली की वीस मीटर वर गेलात किंवा वीस मीटर खाली आलात. दर पाचवी रेघ जाड, तिच्यावर आकडा. चढाला उतार म्हणालात की सर ओरडायचे, "पडला! दरीत पडला! उचला त्याला!" आणि पुढचा तास तुमचं नाव दरीतला.

आता इथं आमच्या वाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावाच्या दोन वाड्या. वरची वाडी आणि खालची वाडी. आमचं घर वरच्या वाडीत. मधून एक मोठा ओढा वाहतो, घाटाकडून येतो आणि उगवतीकडं जातो. ओढा जिकडून येतो ती बाजू आमच्या बोलण्यात वर, जिकडं जातो ती खाली. खालच्या वाडीत चुलत्यांकडं निघालं की "खाली चाललोय", तिकडून परतलं की "वर आलो". जन्मल्यापासून हेच ऐकलेलं. माझ्या डोक्यात तर सगळं जगच तसं होतं, मावळतीला वर आणि उगवतीला खाली.

आणि त्याच ओढ्यावर धरण होणार, अशी बोलवा उठली होती. भिंत खालच्या वाडीच्याही पलीकडं, पार खाली पडायची होती. कागद कुणाच्या हातात नव्हता, यादी कुणी बघितली नव्हती. नुसत्या गप्पा. मी बारावीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मोजणीचे साहेब जीप घेऊन आले होते. ऊन फार होतं, आमच्या अंगणात आंब्याखाली टेकले, चहा घेतला. माझ्या वडलांनी, आबांनी, हात जोडून विचारलं, "सायेब, पाणी कुठवर येणार?" साहेब म्हणाले, "सातशे मीटरला उभं राहील." आता सातशे मीटर म्हणजे कुठं, हे आबांना काय कळणार? त्यांनी परत विचारलं, "आमी त्यात येतोय का न्हाय?" साहेबांनी बशीत ओतलेला चहा फुंकत विचारलं, "तुम्ही वरच्या वाडीचे की खालच्या?" आबा म्हणाले, "वरच्या." "मग वरचे कशाला घाबरताय? घाबरायचं ते खालच्यांनी." असं म्हणून साहेब हसले आणि जीपमध्ये बसून गेले.

आबांनी ते वाक्य देवाच्या प्रसादासारखं जपलं. खालच्या वाडीत रडारड, आमच्यात निवांत. आबांनी तर नवीन घर बांधायचं ठरवलं. आमचं जुनं घर मातीचं, एकाच खोलीत चूल आणि न्हाणी, धुरानं आईचे डोळे कायम लाल. आईला स्वयंपाकघराला ओढ्याकडं उघडणारी खिडकी हवी होती. बाकी काही नाही, एक खिडकी. आबांनी चिरे आणून अंगणात रचले.

बारावीच्या पहिल्या सहामाहीत एके दिवशी सरांनी नवीन टोपोशीट पसरलं आणि माझ्याकडं बोट केलं. "आजऱ्याचं कोण? तू न्हवं? ये. आज तुझ्या माहेरी जाऊ."

मी पुढं गेले. नकाशात आपलं गाव पहिल्यांदा बघताना छातीत काय होतं ते सांगता येत नाही. ओढा होता, देवळाची खूण होती, आणि ओढ्याला लागून बारीक लाल ठिपके. त्यातला एक आमचं घर! माझी भीती जरा गेलीच. हे तर पाठ आहे मला. सर म्हणाले, "वरच्या वाडीतनं निघ आणि खालच्या वाडीला जा. बोलत जा."

मी बोट ठेवलं. "सर, मी ओढ्याच्या काठानं खाली निघाले. आता वाटेनं खाली चालले."

"रेघ आली. जाड. काय आहे?"

"उतार, सर."

"उतार?"

"व्हय सर. खाली चाललेय की मी."

वर्गात खसखस पिकली. सर ओरडले, "पडली! अगं, आकडा बघ, आकडा! टेकाडावरचं टिंब बघ! रेघेवर सातशे आणि टिंबापाशी त्याहून जास्त. तू चढतीयस आणि म्हणतीस खाली चालले? डोक्यावर चालतीस का काय?"

पोरं हसून हसून बाकावर आडवी. मी हसले नाही. मी आकड्याकडं बघत होते. सातशे. आमच्या अंगणात आंब्याखाली बोलला गेलेला आकडा. खालची वाडी त्या रेघेच्या पलीकडं, टेकाडावर, उंच. आणि आमचे लाल ठिपके अलीकडं, ओढ्याच्या खोलगटात. वरची वाडी रेघेच्या खाली होती.

मला एकदम खालच्या वाडीची वाट आठवली. शेवटचा तो चढ. डोक्यावर ओझं असलं की तिथं दम लागायचा, आम्ही बाभळीखाली बसायचो. धापा टाकत चढायचो आणि वर पोचून चुलतीला सांगायचो, "खाली आलोय गं, पाणी दे." पायांना सगळं कळत होतं. तोंडाला कळलं नव्हतं. आणि साहेबांनी ऐकलं ते तोंडाचं.

मी टेबलाची कड धरली. सर म्हणाले, "बस जा, दरीतली." मी बसले. पुढचं काही ऐकू आलं नाही.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. साहेब, चहा, सातशे, चिरे, खिडकी. मला वाटलं होतं ओरडतील. पण सरांनी कपाट परत उघडलं, शीट काढलं, भिंग घेतलं आणि किती तरी वेळ वाकून बघत राहिले. मग हळू म्हणाले, "बाळ, दिसतंय तर आतच." सरांचा तो हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि त्यांच्या ओरडण्याला मी कधी भ्याले नव्हते एवढी त्या आवाजाला भ्याले. "पण या नकाशात घर म्हणजे सुईचं टोक. रेघ केसभर इकडं तिकडं असू शकते. दिसतंय, एवढंच म्हणतो मी. असंच आहे, असं म्हणत नाही."

त्या केसभर जागेत मी पुढचे महिने काढले.

दिवाळीला घरी गेले. एसटी गडहिंग्लजला थांबली तेव्हा सगळे भेळ खायला उतरले, मी बसून राहिले. घरी पोचले तर भात कापून झाला होता आणि अंगणाशेजारी आबांनी चुन्याच्या फक्कीनं नव्या घराची आखणी केलेली. पांढऱ्या रेघा. खुंट्या मारून दोऱ्या ताणलेल्या. आई मला हाताला धरून त्या रेघांमधून फिरवायला लागली. "हे सैपाकघर. हितं चूल. आणि ही बघ, हितं खिडकी." हवेत हात फिरवून तिनं खिडकी उघडून दाखवली. मला रडूच फुटलं. आई म्हणाली, "आगं, खिडकीला काय रडतीस येडे!"

जेवण झाल्यावर आबांना सांगितलं. आबा आधी हसले. "पाणी उलटं चढतंय व्हय? भिंत तिकडं पार खाली. आपुन वर. सायेब सोता बोलून गेलाय."

"साहेबाला आपलं वर म्हणजे काय ते कळलं न्हाय, आबा! त्याला वाटलं उंच."

"मग? वर म्हंजी काय?"

मला राग आला. भीती वाढली की मला राग येतो, अजून येतो. मी म्हणाले, "गाडी भरून खालच्या वाडीला नेताना मागनं कोण ढकलतंय? बैलाच्या तोंडाला फेस का येतोय? खाली जाताना येतोय का फेस कधी?"

आईनं आवरतं घेतलं, "पोरगी शिकायला ठेवली तर भित्री होऊन आली," असं काहीतरी पुटपुटली आणि भांडी घासायला बाहेर गेली. पण आबांचं तोंड बघून मला कळलं, त्यांच्या डोळ्यांपुढं बैलं उभी राहिली होती. आणि तरी ते मानायला तयार नव्हते. कसं मानणार? तेही आयुष्यभर खाली जाताना चढत होते.

शेवटी म्हणाले, "तुज्या परीक्षेला भायेरनं सायेब येतोय न्हवं?"

"व्हय. परीक्षक."

"त्यो मोठा असंल तुज्या सरापेक्षा. त्यास्नी इचार. त्यो म्हणाला तुजं बरूबर हाय, तर मी पाया खणत न्हाय. आणि म्हणाला चुकलीस, तर तू आल्या आल्या कुदळ मारतो. तवर आखणी ऱ्हाऊ दे हाय तशी."

झालं. बारावीच्या पोरीला परीक्षेची भीती असते ती नापास होण्याची. मला बरोबर ठरण्याची भीती बसली. आणि चुकण्याची पण होतीच, कारण प्रात्यक्षिकात पडले असते तर वर्षच गेलं असतं, आणि आत्याकडं दुसरं वर्ष ठेवा असं म्हणायचं तोंड आबांना नव्हतं. एक भीती परवडली, या दोन एकमेकींना झोपू देत नव्हत्या. शेजारी तालमीत पोरं जोर काढायची, त्यांचे हुंकार ऐकत मी पुस्तक उघडून बसायची आणि प्रत्येक पानावर तीच जाड रेघ दिसायची. आत्या म्हणायची, "काय गं, कुणी नजर लावली का तुला? किती वाळलीस!" तिनं मीठमोहरी उतरून टाकली. मी तीही मुकाट्यानं उतरवून घेतली. म्हटलं, होऊ दे, कशानंही होऊ दे, ती रेघ केसभर सरकू दे.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षक आले ते बाहेरगावचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी हळू आणि पुस्तकी. आमचे सर त्यांच्या शेजारी उभे, एकदम गरीब गायीसारखे. माझा नंबर आला. परीक्षकांनी भलतंच टोपोशीट पुढं केलं, कुठल्या तरी सपाट मुलखाचं, जिथं रेघाच मोजक्या. चिन्हं विचारली, अंतर काढायला लावलं, दिशा विचारल्या. सगळं आलं. ते म्हणाले, "छान. जा तुम्ही."

मी उठले नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकाला प्रश्न विचारायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक. आमच्यातलं तर कुणी त्यांच्या डोळ्यांत बघत पण नव्हतं. आई हवेत खिडकी उघडत होती ते दिसलं. न विचारता घरी जावं, आबांना सांगावं की साहेबांनी काही सांगितलं नाही, आणि मग? मग कुदळ.

"सर, मला एक विचारायचं होतं."

परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. पण आमच्या सरांनी कपाट उघडलं, ते शीट काढलं आणि टेबलावर पसरलं. चार दगड ठेवले. म्हणाले, "धरणाच्या बुडिताचा प्रश्न आहे, सर; भिंत इथं उगवतीकडं, पाणी सातशे मीटरला. विद्यार्थिनीची तयारी आहे. विचारून बघा."

परीक्षकांना वाटलं, हुशार पोरीला पुढं करायची ही मास्तरांची पद्धत. ते हसले. ओढ्यावर, उगवतीकडं, पेन्सिल आडवी ठेवली. "बरं. इथं भिंत घातली आणि सातशे मीटरपर्यंत पाणी अडवलं. कोणती वस्ती पाण्याखाली जाईल? बोटानं दाखवा."

मी बोट ठेवलं. जाड रेघ धरून निघाले. भिंतीपासून सुरुवात, मग टेकाडाला वळसा. "ही वाडी टेकाडावर आहे, सर, रेषेच्या वर. ही राहील." पुढं रेघ ओढ्याच्या दोन्ही अंगांनी मागं मागं जात होती, घाटाकडं, आणि मी तिच्यावरून बोट ओढत होते आणि मनात म्हणत होते, चुकव मला, कुठं तरी चुकव. रेघ आमच्या ठिपक्यांच्या मागून गेली, बरीच मागून. केसभर नव्हे. "आणि ही वस्ती जाईल, सर. सगळी."

परीक्षक वाकले. चष्मा वर करून नीट बघितलं. माझं बोट अजून तिथंच.

"नाव वरची वाडी आहे, तरी तुम्ही नावाला फसला नाहीत. अगदी बरोबर. शाब्बास!" ते खुशीत म्हणाले आणि गुण लिहिले. मग माझ्याकडं बघून त्यांनी सहज विचारलं, "माहितीतलं गाव दिसतंय?"

"माझं गाव आहे, सर. त्यातलं एक घर आमचं."

त्यांचं पेन थांबलं. शाब्बास परत घेता आलं असतं तर त्यांनी घेतलं असतं, असं तोंड झालं त्यांचं. आमचे सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पोरं विचारत होती, "काय गं, काय विचारलं? अवघड हाय का?" मी त्यांच्यातून तशीच निघाले ती स्टँडवर.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. आबा आखणीपाशीच होते. दवानं आणि कोंबड्यांच्या पायांनी फक्कीच्या रेघा पुसट झालेल्या, त्या त्यांनी त्या दिवशी पुन्हा ओढून घेतल्या होत्या. भिंतीला टेकवून कुदळ ठेवलेली. आई दारात उभी राहिली, हात पदराला पुसत.

आबांनी विचारलं, "इचारलंस?"

"व्हय."

"काय म्हणाला सायेब?"

मला शाब्बास म्हणाला, असं सांगायचं होतं. सगळे गुण दिले, असं सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "माझं बरोबर हाय, आबा."

ते खाली बसले आणि पहिल्या खुंटीची दोरी सोडली. गुंडाळत दुसऱ्या खुंटीपाशी गेले, तिची सोडली. आई आत निघून गेली. सगळी दोरी हातावर गोळा झाल्यावर आबांनी ती कुदळीच्या दांड्याला अडकवली, कुदळ खांद्यावर घेतली, पायात चपला सरकवल्या आणि उगवतीकडं, खालच्या वाडीच्या वाटेकडं तोंड केलं.

"चल," ते म्हणाले, "वर जाऊ. अंधार पडायच्या आत जागा बघून येऊ."

मी त्यांच्या मागं चढायला लागले.